वाढत्या वयातील व्यायाम : काय उरते, काय सरते

साठी उलटूनही ताठ कण्याने चालणारे एखादे गृहस्थ रस्त्यात दिसले की त्यांच्याविषयी एक ठरावीक वाक्य ऐकू येते : ‘लहानपणी तालीम केलेले शरीर आहे ते!’ बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव अशा ज्या ज्या शहरी मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वस्ती केली, तेथे तेथे त्याने आपल्याबरोबर आखाडाही नेला. बडोद्यास जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी आपल्या गुरूंच्या नावाचे व्यायाममंदिर नावारूपास आणले. त्याच शहरातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड प्रसिद्ध केले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एक श्रद्धा होती. कोवळ्या वयात कमावलेले शरीर ही जन्माची शिदोरी होय, अशी ती श्रद्धा.

तिची पारख करण्याची साधने आता शास्त्रज्ञांच्या हाती आली आहेत. शाळकरी वयातील मुलांच्या नोंदी ठेवावयाच्या आणि तीच मुले पंचविशी-तिशीत आली की त्यांना पुन्हा तपासावयाचे, अशी चिकाटीची कामे काही देशांत झाली आहेत. त्यांतून निघालेले उत्तर असे की, ती श्रद्धा निम्मी खरी आहे. शरीरातील काही अवयव मिळालेले जपून ठेवतात. काही अवयव हातावर पोट असलेल्या माणसाप्रमाणे आजचे आजच संपवितात. कोणता अवयव कोणत्या स्वभावाचा, हे ध्यानात न आल्यामुळे मुलग्यांच्या बाबतीत एक चूक होते, आणि मुलींच्या बाबतीत तिच्याहून मोठी दुसरी चूक होते.

प्रथम उधळ्या अवयवाची हकिगत पाहू. हृदय हा तो अवयव. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९१६ ते १९५० या काळात दाखल झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांच्या आयुष्याचा मागोवा राल्फ पॅफेनबार्गर या वैद्यक संशोधकाने घेतला. विद्यार्थिदशेत विद्यापीठाच्या संघातून खेळलेले नामांकित खेळाडू त्यांत होते, आणि मैदानाकडे कधी न फिरकलेले पुस्तकी विद्यार्थीही होते. पुढे हृदयविकाराचा झटका कोणास अधिक आला? महाविद्यालयीन कीर्तीचा या हिशेबात उपयोग झाला नाही. जे खेळाडू पदवी घेतल्यावर खुर्चीत स्थिरावले, त्यांचे संरक्षण ओसरले. आणि जे विद्यार्थी असताना कधी धावले नव्हते, पण पुढे चालणे, जिने चढणे, खेळणे असे काही नित्यनेमाने करीत राहिले, त्यांनी त्या खेळाडूंना मागे टाकले.

ही ओहोटी किती वेगाने लागते हे १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे केलेल्या एका प्रयोगाने दाखविले. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले. चालण्याफिरण्याची मुभा नव्हती. श्रम करताना शरीर अधिकात अधिक किती प्राणवायू वापरू शकते, हे दमसासाचे माप मानतात. त्या तीन आठवड्यांत हे माप एक चतुर्थांशाहून अधिक घसरले. याच पाच जणांना तीस वर्षांनी, म्हणजे ते पन्नाशीत आल्यावर, पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान विशीतल्या तीन आठवड्यांच्या निजण्याने केले होते! सुदैवाने व्यायाम सुरू करताच ते विशीत भरूनही निघाले होते.

याचा अर्थ प्रत्येक गल्लीत दिसतो. शाळेत असताना कबड्डीत चढाई करून तीन-तीन गडी मारून येणारा मुलगा, नोकरी लागून पाच-सात वर्षे झाली की जिना चढताना कठड्याला हात लावतो. त्याचा खुराक मात्र तालमीच्या दिवसांतलाच असतो. जुन्या पराक्रमाच्या आठवणीमुळे आपल्यास काही होणार नाही अशी त्याची समजूत असते, आणि ती समजूत त्याला व्यायामापासून आणखी दूर ठेवते. मुलग्यांच्या बाबतीतली चूक म्हणतात ती हीच.

आता संग्राहक अवयवाकडे वळावयास हरकत नाही. हाड ही निर्जीव वस्तू आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ते आयुष्यभर मोडत आणि बांधले जात असते. हाडावर एकाएकी भार आला की ते केसभर वाकते. हे वाकणे डोळ्यांस दिसत नाही, परंतु हाडात विखुरलेल्या पेशींना ते कळते, आणि जेथे ताण अधिक पडला तेथे नवा थर चढू लागतो. वाढीच्या वयात हा थर मुख्यतः बाहेरच्या अंगाने चढतो. म्हणजे हाडाची नळी रुंद होते. एवढ्याच वजनाची बारीक सळई आणि रुंद नळी यांपैकी नळी वाकविणे कठीण जाते, हे लोहारकाम पाहिलेल्या कोणासही ठाऊक असते. प्रौढपणी सुरू केलेल्या व्यायामाने हाड टिकून राहते, थोडेफार सुधारतेही. पण अशी रुंदी त्याला क्वचितच लाभते.

यास सुरेख पुरावा मिळाला तो टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांकडून. त्यांचा एक हात खेळतो, दुसरा जवळजवळ स्वस्थ असतो; तेव्हा तुलनेसाठी दुसरी व्यक्ती शोधण्याचे कारणच नाही. आहार तोच, रक्त तेच, आईबाप तेच! फिनलंडमधील संशोधकांनी राष्ट्रीय दर्जाच्या अशा खेळाडूंचे दोन्ही हात तपासून आपले निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध केले. ज्यांनी ऋतुप्राप्तीच्या पूर्वी किंवा त्या सुमारास खेळण्यास आरंभ केला होता, त्यांच्या दोन हातांतील हाडांचा फरक, पुष्कळ वर्षांनी आरंभ करणाऱ्या स्त्रियांच्या मानाने दुपटीपासून चौपटीपर्यंत भरला.

हे वय किती मोलाचे असते, याचे माप कॅनडातील सस्कॅच्वान प्रांतात मिळाले. तेथील शाळकरी मुलामुलींची हाडे १९९१ पासून दरवर्षी मोजण्यात आली. उंची झपाट्याने वाढण्याचे वर्ष मुलींच्या बाबतीत सुमारे बारावे आणि मुलग्यांच्या बाबतीत चौदाव्याच्या आसपास येते. या वर्षाच्या अलीकडची-पलीकडची दोन वर्षे धरली, तर प्रौढ माणसाच्या हाडांत जेवढे खनिजद्रव्य असते त्याचा सुमारे चौथा हिस्सा त्या दोन वर्षांतच साठतो. या अवधीत सर्वांत अधिक हालचाल करणाऱ्या मुलांची हाडे सर्वांत बैठ्या मुलांच्या मानाने ९ टक्क्यांनी, आणि मुलींची १७ टक्क्यांनी सरस निघाली. तीच मुले तेवीस ते तीस वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा शाळेत असताना चपळ असलेल्यांच्या खुब्याच्या भागातील हाडांत सुमारे ८ ते १० टक्के अधिक द्रव्य शिल्लक होते. मधल्या काळात कितीएकांचे खेळ थांबले असतील, तरी तेवढे त्यांच्या पदरी उरले.

हे किती काळ उरते? अमेरिकेतील बेसबॉल या खेळात चेंडू फेकणारा हात एकच असतो. निवृत्त झालेल्या धंदेवाईक खेळाडूंच्या दोन्ही दंडांची तुलना करून २०१४ साली संशोधकांनी दाखविले की, फेकणे थांबविल्यावरही हाडाच्या आकारात मिळालेल्या लाभापैकी निम्मा आणि बळकटीत मिळालेल्या लाभापैकी एक तृतीयांश जन्मभर राहतो. कारण साधे आहे. वार्धक्यात हाड झिजते ते बहुतेक आतल्या अंगाने. तारुण्यात बाहेरून चढलेला थर त्या झिजेच्या वाटेत येत नाही.

कोणता खेळ हाडाला मानवतो, हेही जाणून घेण्यासारखे आहे. पोहणे फुप्फुसांस उत्तम, सायकल पायांच्या स्नायूंस उत्तम. पण पाण्यात शरीर तरंगते आणि सायकलीवर भार बैठकीवर पडतो, त्यामुळे हाडाला या दोहोंची फारशी खबर लागत नाही. त्याला हवा असतो धक्का : उडी मारून जमिनीवर पाय टेकणे, धावता धावता एकदम वळणे, अचानक थांबणे. दुसरे असे की, हाडाचे समाधान लौकर होते. पक्ष्याच्या पंखातील हाडावर यंत्राने ठराविक भार देऊन पाहिला असता दिवसाकाठी ३६ वेळा दिलेल्या भाराने जेवढे हाड वाढले, त्याहून १,८०० वेळा दिलेल्या भाराने अधिक वाढले नाही. तासन्‌तास घाम गाळण्याची गरज हाडाला नाही. थोड्या उड्या, मग विश्रांती, पुन्हा थोड्या उड्या एवढे त्याला पुरते. लंगडी, खो-खो, आट्यापाट्या, दोरीवरच्या उड्या, लगोरी! ज्यांनी हे खेळ रचले त्यांनी हाडाचे शास्त्र वाचले नव्हते, पण एखाद्या वैद्याने मुद्दाम योजावी अशी ही यादी आहे.

आणि नेमक्या याच वयात मुलगी अंगणातून घरात येते. अकरा-बारा वर्षांची होईपर्यंत जी भावाच्या बरोबरीने लंगडी घालीत होती, तिला ऋतुप्राप्ती होताच ‘घोडी झालीस आता, उड्या कसल्या मारतेस’ असे ऐकावे लागते. कोठे ओढणी आडवी येते, कोठे शाळेतील अस्वच्छ प्रसाधनगृह. कोठे मैदानच नसते, आणि असले तर ते मुलग्यांच्या क्रिकेटने व्यापलेले असते. महिन्याच्या चार दिवसांत तिने धावू नये ही समजूत सुशिक्षित घरांतही आहे. मात्र निरोगी मुलीला त्या दिवसांत झेपेल तेवढ्या खेळापासून अपाय होतो असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. आणखी एक भय आईबापांना असते ते मोडतोडीचे. उंची झपाट्याने वाढत असताना हाडाचे भरणे किंचित मागे पडते, त्यामुळे याच एक-दोन वर्षांत मनगटाजवळचे हाड मोडण्याचे प्रसंग अधिक येतात, हे खरे आहे. पण सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाल्यावर मुलगा पुन्हा मैदानावर जातो. मुलीला ते प्लॅस्टर कायमचे कारण होऊन बसते.

तिच्या वाट्याला पुढे काय येते ते पाहिले म्हणजे या चुकीचे वजन कळते. पंचविशीच्या आसपास बाळंतपण येते. बाळाला दूध पाजताना मातेच्या हाडांतील द्रव्य काही टक्क्यांनी उतरते, आणि दूध तोडल्यावर बहुधा पुन्हा भरून येते. निसर्गाने योजलेली ही उसनवारी आहे; पण ज्या हाडात मुळात साठा बेताचा, त्याला ती अधिक जाणवते. पन्नाशीच्या सुमारास ऋतू थांबला की खरी गळती लागते. घरात पाय घसरून खुबा मोडलेली वृद्ध आई पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाची आहे. त्या खुब्याचा हिशेब बऱ्याच अंशी तिच्या बाराव्या-तेराव्या वर्षी मांडला गेलेला असतो, हे तिच्या नातीला दारातून आत बोलावताना कोणाच्या मनात येत नाही.

मुलग्यांची गोष्ट थोडी निराळी, पण फार निराळी नाही. त्यांचे मैदान दहावीच्या शिकवण्या हिरावून घेतात. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो खरा. सहामाही जवळ आली की तो गणिताच्या शिक्षकांना उसना दिला जातो, आणि असा उसना दिलेला तास परत आल्याचे सहसा ऐकिवात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील माहिती एकत्र केली, तेव्हा २०१६ साली ११ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी ८१ टक्के पुरेशी हालचाल करीत नव्हती असे आढळले. भारतातील प्रमाण तीन चतुर्थांशाच्या घरात होते. ‘पुरेशी’ म्हणजे काही पराकाष्ठा नव्हे : दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू व हाडे यांना भार देणारे काही.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. हाडाला धक्का हवा तसे साहित्यही हवे. दूध, नाचणी, डाळी, तीळ, अंगावर पडणारे ऊन, यांवाचून नुसत्या उड्यांनी हाड बांधले जाणार नाही. अपुऱ्या अन्नावर अतोनात सराव करणाऱ्या मुलींची पाळी थांबते आणि हाडे उलट विरळ होतात, हे धावपटूंच्या बाबतीत वारंवार दिसून आले आहे. तसेच, डोक्यावर दोन हंडे घेऊन मैलभर चालणाऱ्या खेड्यातील मुलीला ‘व्यायाम कर’ म्हणून सांगणे क्रूरपणाचे होईल. तिला प्रथम पोटभर जेवण आणि थोडी फुरसत पाहिजे.

हाडाखेरीज आणखी एका गोष्टीचा विचार भारतीय तरुणांना टाळता येणार नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रोफेसर जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, दोघेही सडपातळ. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! युडकिन जमेल तेव्हा मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावत आत शिरणे, असा विनोदही त्यांनी त्याखाली नोंदविला आहे. विनोद बाजूस ठेवला तरी प्रश्न गंभीर आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासात असे दिसले की, आपल्याकडील बालक जन्मतःच वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीने अधिक आणि स्नायूंनी उणे असते. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर मुख्यतः स्नायू उचलून घेतात. स्नायू थोडे आणि तेही स्वस्थ, अशी स्थिती असली की साखर रक्तातच रेंगाळते. भारतीयांना मधुमेह पाश्चात्त्यांच्या मानाने लौकर गाठतो, आणि आरशात बारीक दिसणारा तरुण त्याविषयी निश्चिंत असतो.

स्नायूंचा स्वभाव हृदयासारखाच उधळा. तेथे साठा चालत नाही. रोजची ये-जा लागते. मग शाळकरी वयातील व्यायामाचा या बाबतीत काही उपयोग नाही काय? आहे, पण तो सवयीच्या वाटेने येतो. फिनलंडमध्ये १९८० साली तीन ते अठरा वर्षांच्या सुमारे ३,६०० मुलांची नोंद सुरू झाली, ती त्यांच्या प्रौढपणापर्यंत चालू राहिली. जी मुले सलग काही वर्षे नियमाने खेळत होती, ती मोठेपणीही हालचाल करणारी निघण्याचा संभव अधिक होता. हा दुवा मजबूत साखळदंडासारखा नसून सुतळीसारखा आहे, हे त्या संशोधकांनी लपविलेले नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी ११ लाखांहून अधिक मुलग्यांच्या स्नायूंचे बळ सोळा ते एकोणीस वर्षांच्या वयात मोजले गेले होते. पुढील सुमारे चोवीस वर्षांत अगदी दुबळ्या ठरलेल्यांच्या मानाने इतरांत अकाली मृत्यूचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांनी कमी भरले, आणि त्यांत आत्महत्याही कमी होत्या. अर्थात बळ आणि दीर्घायुष्य या दोहोंचे मूळ घरच्या सुस्थितीत किंवा जन्मजात प्रकृतीत असू शकते; नुसत्या नोंदींवरून सारे श्रेय व्यायामाला देणे घाईचे होईल.

सुतळी कोठे तुटते, हे मात्र सहज दिसते. शाळा सुटली की संघ मोडतो; खो-खोला नऊ गडी आणावयाचे कोठून? यासाठी शाळेतच, सांघिक खेळांच्या जोडीने, एकट्याला करता येईल असे काहीतरी अंगी मुरविले पाहिजे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्यामागे ही दूरदृष्टी होती असे म्हणता येईल. सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा लागते, गडी लागत नाहीत आणि सासरीही ते करता येतात. हाडाला त्यांतून लंगडीइतका धक्का मिळत नाही हे खरे, पण स्नायूंची रोजची ये-जा त्यांनी राखली जाते.

मुलींपुरते बोलावयाचे तर, आपल्या जुन्या चालीरीतींत एक चमत्कारिक योगायोग सापडतो. श्रावणातील मंगळागौरीस फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा असे उड्यांचे खेळ रात्रभर चालत, आणि ते मुख्यतः लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतील मुलींसाठी असत. बालविवाहाच्या काळात या ‘नवविवाहिता’ बारा ते सोळा वर्षांच्या असत. बालविवाहाचे प्रमाण पुष्कळ घटले हे फारच चांगले झाले; त्याबरोबर तेवढी एक रात्रही त्या वयाच्या हातून गेली. गोव्यात फुगडी अजून अंगणात घातली जाते. इतर ठिकाणी मंगळागौरीचे खेळ आता बहुधा व्यासपीठावर होतात, नऊवारी नेसलेल्या प्रौढ स्त्रियांचे हौशी संच ते मोठ्या उत्साहाने करतात, आणि त्यांच्या तेरा वर्षांच्या मुली समोर खुर्च्यांवर बसून मोबाइलमध्ये त्यांची चित्रे घेतात.